झाडून काढायचं काम

धाकटीनं तक्रार करणं थांबवलं, तेव्हाच थोरलीच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

तक्रार होती पानांची. थोरलीच्या अंगणात एक झाड होतं. दोन्ही घरांपेक्षा उंच आणि स्वभावाने जरा तिरकं. त्याचे पाय थोरलीकडे आणि डोकं धाकटीकडे. वर्षभर सावली थोरलीच्या ओट्यावर पडायची आणि पानगळ लागली की पानं मात्र वाऱ्यावर स्वार होऊन भिंतीपलीकडे धाकटीच्या फरशीवर उतरायची. हा वारा जाऊबाईंना सामील आहे, असं धाकटीचं स्पष्ट मत होतं. दोन भावांनी एकच घर मधोमध वाटून घेतलेलं. अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत आणि भिंतीत एक लाकडी दार. घर वाटता आलं, अंगण वाटता आलं, वारा काही कोणाच्या वाटणीला गेला नाही.

पानांवरून दोघी जावांचं पहिलं मोठं भांडण झालं, तेव्हा धाकटीच्या नवऱ्यानं हसत हसत निकाल दिला होता. "झाड वहिनींचं, म्हणजे पानंही वहिनींची. वहिनींनी येऊन आपली पानं घेऊन जावीत." तो बोलला चेष्टेने. पण थोरलीला कोणाच्या चेष्टेचं देणं लागायला आवडत नसे. दुसऱ्याच सकाळी ती खराटा खांद्यावर टाकून मधल्या दारातून पलीकडे गेली आणि अंगण लख्ख करून आली. तेव्हापासून दर पानगळीला हा रिवाजच पडला. पुढे तो निकाल देणारा माणूस अचानक गेला, पण निकाल मागे राहिला.

आणि यंदा, पहिली पिवळी पानं गळायला लागली त्याच आठवड्यात, धाकटी भिंतीवरून डोकावून म्हणाली, "जाऊबाई, यंदा तुम्ही झाडायला येऊ नका."

"का गं?"

"मी सोय केलीय."

"कसली सोय?"

"पानांची."

"पानांची सोय म्हणजे काय? राहण्या-जेवणाची?"

धाकटी हसली. मनापासून हसली आणि आत गेली. थोरली हातातला ओला टॉवेल पिळायचा विसरून तशीच उभी राहिली. तक्रार करणारी माणसं थोरलीला समजत. हसणारी समजत नसत.

त्याला कारण होतं. थोरलीचा सगळा जन्म शाळेत गेला, आणि शाळेतही परीक्षेच्या हॉलमध्ये. शिकवायला ती बेताचीच होती, पण पर्यवेक्षक म्हणून तिचा दरारा असा की तिची पाळी कोणत्या वर्गावर आहे हे कळल्यावर काही मुलं आदल्या दिवशी खरोखर अभ्यास करत. मुलांनी तिचं नाव दुर्बीणबाई ठेवलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. घाबरून इकडेतिकडे बघणाऱ्या पोराकडे ती कधी जात नसे. जो शांतपणे मान वर करून तिच्याकडे बघून हसे, त्याचा मोजा ती आधी तपासायची. चिठ्ठी तिथेच निघायची. निवृत्त झाल्यावर हॉल गेला, दुर्बीण तेवढी राहिली. आता तिच्यासमोर बसायला नवरा, गल्ली आणि धाकटी एवढेच परीक्षार्थी उरले होते.

धाकटीचा धंदा पडदे शिवायचा. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत कापडांचे तागे. दारांचे, खिडक्यांचे, मंचावरचे, कसलेही पडदे ती शिवायची. मशीनच्या आवाजावरून ती आज काय शिवतेय हे थोरलीला भिंतीपलीकडून कळे. झिरझिरीत कापडाला मशीन गुणगुणायचं, जाड कापडाला कुरकुरायचं. त्या आठवड्यात ते कधी नव्हे असं खडखडत होतं. मधेच थांबायचं, मग सुई बदलल्यासारखा वेळ जायचा, मग पुन्हा खडखड.

"हा पडदा नव्हे," थोरली नवऱ्याला म्हणाली.

नवरा शब्दकोडं सोडवत होता. "मग गोधडी असेल."

"गोधडीला मशीन असं रडत नाही."

"मग काय, तोफेची खोळ शिवतेय? उभ्या शब्दात अडलोय गं. 'खोटा आळ', चार अक्षरं."

"तुम्हाला सगळं कोडंच वाटतं."

"आणि तुला सगळी कॉपी," तो म्हणाला आणि पुन्हा कागदात डोकं घालून बसला.

त्यानंतर तो फोन झाला. थोरली दोरीवरचे कपडे काढत होती. मुद्दाम ऐकत नव्हती, हे तिने नंतर स्वतःलाच बऱ्याचदा सांगितलं. धाकटी पलीकडे ओट्यावर बसून लेकीशी बोलत होती. वारा सुटला होता आणि झाड डोक्यावर सळसळत होतं, त्यामुळे मधले शब्द गळत होते, पण जे पोचलं ते पुरेसं होतं.

"...हो, ठरलंय माझं. ते झाड... काढायचं काम यंदा माझं मी बघणार. माणूस सांगितलाय, शनिवारी येतोय... छे, जाऊबाईंना कशाला सांगू. आधी होऊन तर जाऊ दे. एकदा झालं की मग काय करणार आहेत त्या."

थोरलीच्या हातात नवऱ्याचा सदरा होता. तो तिने छातीशी धरला आणि घरात आली.

"ती झाड काढतेय," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमच्या भावाची बायको. शनिवारी माणूस बोलावलाय. मला अंधारात ठेवून."

"झाड आपल्या अंगणात आहे," नवरा म्हणाला. "ती काय भिंतीवरून हात लांब करून उपटणार?"

"बुंधा आपल्याकडे आहे. फांद्या सगळ्या तिकडे. तिच्या हद्दीतल्या फांद्या तिनं छाटल्या तर अडवणार कोण? आणि त्या गेल्यावर झाड राहतंय कुठे? खांब राहतो, कपडे वाळत घालायला."

नवऱ्यानं कोडं बाजूला ठेवलं. "एका अर्थी बरंच. दरवर्षी कंबर धरून बसतेस. सुटशील."

ओट्यावरची सावली जाईल, पाखरं जातील, घर उघडंबोडकं दिसेल, हे सगळं थोरलीनं त्याला संध्याकाळपर्यंत ऐकवलं. खरं सांगायचं ते मात्र सांगितलं नाही. झाड गेलं तर पानं जाणार, आणि पानं गेली तर मधल्या दारातून पलीकडे जायला निमित्त उरणार नव्हतं. दीर गेल्यापासून या दोघी जावांचं येणंजाणं असं काही नव्हतं. थोरली बोलावल्याशिवाय जायची नाही आणि धाकटी कारणाशिवाय बोलवायची नाही. कोणाचे किती उपकार कोणाकडे बाकी आहेत हे दोघींना तोंडपाठ होतं, फक्त दोघींचं उत्तर वेगळं यायचं. पानगळीत मात्र हिशेब नसे. थोरली झाडायची, धाकटी बोलायची, मग पायरीवर दोन कप चहा यायचा आणि त्या चहावर वर्षभराचं बोलणं उरकून घेतलं जायचं. कोणाचा गुडघा, कोणाची सून, कोणत्या डॉक्टरला काही कळत नाही. पानं संपली की दार बंद. पुन्हा पुढच्या पानगळीला.

आता धाकटीला ते नको होतं. प्रश्न झाडाचा नव्हताच. का नको होतं, हा होता.

शुक्रवारी तो माणूस आला, बघून जायला. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड, हातात दोराचं वेटोळं. थोरली फाटकाशी उभीच होती. त्याने धाकटीची बेल वाजवायच्या आत तिने त्याला गाठलं.

"काय काम काढलंय पलीकडे?"

"काही विशेष नाही काकू. थोडं बांधायचंय."

"एवढा दोर?"

"फांदीला लागणार ना."

"फांदीला कशाला?"

"वजन धरायला. नाहीतर एकदम खाली यायचं." तो सहज बोलत होता. सराईत माणूस असाच सहज बोलतो, हे थोरलीला माहीत होतं.

"आणि मग?"

"मग काय. पानांची कटकटच मिटली. यापुढे खराटा हातात धरायला नको तुम्हाला."

त्याला हे चांगलं बोलल्यासारखं वाटलं असावं, कारण तोही हसला. थोरलीनं त्याच्या शिडीकडे, दोराकडे आणि दातांकडे नीट बघून घेतलं, घरी आली आणि मधल्या दाराला आपल्या बाजूने कडी घातली. ती कडी इतकी वर्षं वापरात नव्हती. बसवायला हातोडीचा एक ठोका द्यावा लागला.

शनिवारी सकाळी तिने झाडाखाली खुर्ची टाकली. पाठ बुंध्याला लावून बसली. नवरा चहा घेऊन आला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "आंदोलन का? मागण्यांचा फलक लिहून देऊ?"

"तुम्ही आत जा."

"करवत चालली तर हाक मार. माझी कानटोपी काढून ठेवतो."

भिंतीपलीकडे खुडबुड सुरू झाली. शिडी भिंतीला टेकली, तिचं टोक वर दिसलं. मग त्या माणसाचं डोकं आलं, मग खांदे. हातात करवत नव्हती, कोयता नव्हता. त्याने फांदीवर दोर टाकला, गाठ मारली आणि खाली बघून म्हणाला, "ओढा आता सावकाश." आणि भिंतीच्या कडेवरून एक हिरवी जाळी वर येऊ लागली. जाड विणीची, शेतात उन्हासाठी बांधतात तसली, कडेनं कापडी पट्टी शिवलेली. येतच राहिली. पलीकडच्या अंगणावर मांडवासारखी पसरत गेली.

थोरली खुर्चीवर चढली.

"करवत कुठंय तुझी?"

तो माणूस शिडीवर दचकला. "कसली करवत?"

"झाड काढायला आलायस ना?"

"झाड? नाही हो काकू. यांना झाडून काढायला नको म्हणून बोलावलंय मला. ही जाळी बांधायची. पानं वरच्या वर झेलायची. खाली पडलीच नाहीत तर झाडायचं काय?"

धाकटी भिंतीशी आली. खालून वर बघत तिने डोळ्यांवर हात धरला. "जाऊबाई, झाड काढणार असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. लेकीला सांगत होतीस. झाड काढायचं काम माझं मी बघणार."

"झाडून," धाकटी म्हणाली. "झाडून काढायचं काम."

एक उकार आणि एक न पानांच्या सळसळीत वाहून गेला होता, आणि त्यावर थोरलीनं खुर्ची, कडी आणि दोन रात्रींची झोप उभी केली होती.

"म्हणजे माझे फोनही ऐकता तुम्ही," धाकटी म्हणाली.

पुरावा देताना साक्षीदारच अडकतो, हे थोरलीनं हॉलमध्ये पुष्कळदा पाहिलं होतं. आपल्यावर वेळ आली नव्हती कधी. तिने बाजू बदलली. "कपडे काढत होते मी. ते राहू दे. मी झाडत होते ते काय वाईट होतं? एक पान मागे ठेवलं कधी? एवढा खटाटोप, एवढी जाळी, आणि मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?"

"तुमची कंबर दुखते ना?"

"माझी कंबर मधे आणू नकोस. खरं कारण सांग."

शिडीवरच्या माणसाने एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. मग परत वर घेतला. उतरायचं झालं तर दोघींच्या मधून उतरावं लागणार होतं.

"सांगते," धाकटी म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "तुम्ही खराट्यानं अंगण झाडता आणि डोळ्यांनी घर झाडता. दोरीवर काय वाळतंय, कचऱ्यात काय पडलंय, कोणाचं पत्र आलंय. तेही चाललं असतं मला. सवय झाली होती. पण मागच्या पानगळीला माझ्या दारात पुरुषाच्या चपला दिसल्या म्हणून तुम्ही माझ्या लेकीला फोन केलात."

थोरली गप्प बसली असती तर बरं झालं असतं. "नव्या होत्या त्या," ती म्हणाली. "आणि भावजींचा पाय एवढा मोठा नव्हता."

"नव्हताच. बाजारातून आणल्या मी. एकटी बाई राहते हे दारावर येणाऱ्या प्रत्येकाला कशाला कळायला हवं? म्हटलं घ्यायच्याच तर मोठ्या मापाच्या घ्याव्यात. आत कोणी धिप्पाड बसलाय असं वाटू दे. तुमचा फोन गेला आणि पोरगी रजा टाकून धावत आली, आईचं कोण आहे ते बघायला. कपाटापर्यंत बघितलं तिनं. मला काही बोलली नाही, पण बघितलं. ते तुम्ही झाडून गेलात, जाऊबाई. ते कशात भरून न्यायचं?"

शिडीवरचा माणूस खाकरला. "चपला कामाच्या आहेत बाई," तो धाकटीला म्हणाला. "काल मी त्या बघूनच बाहेरून हाक मारली. आत नाही आलो."

त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. थोरली खुर्चीवरून उतरली, खुर्ची उचलली आणि घरात गेली. माफी हा शब्द तिच्या ओठाशी आला होता, पण तो तिच्या तोंडून बाहेर पडायला सरावलेला नव्हता, आणि भिंतीवरून ओरडून सांगण्यासारखाही नव्हता. कडी तिने काढली नाही. काढून करायचं काय होतं?

जाळी चांगली चालली. थोरलीला वरच्या खिडकीतून सगळं दिसे. पानं जाळीवर उतरत, घरंगळत कोपऱ्यात जात, आणि धाकटी तिथलं हूक सोडून ती पोत्यात ओतून मागच्या खड्ड्यात टाकून येई. खराट्याची एक रेघ न उमटता अंगण स्वच्छ. गल्लीतले दोघेतिघे फाटकाशी थांबून बघून गेले. एकानं तर थोरलीलाच विचारलं, कुठून आणली ही युक्ती. मला काय माहीत, असं ती म्हणाली, आणि तिच्या आयुष्यात हे वाक्य फार थोड्या वेळा आलं होतं.

पण दुर्बीण बंद होत नाही. थोड्याच दिवसांत थोरलीला खोड दिसली. जाळी ताणून बसली नव्हती. मधोमध तिला झोळ होता. त्या माणसाने तिथे फांदीवरून दोर सोडून उचलून धरली होती, तरी दोराच्या दोन्ही बाजूंना पोट सुटलंच होतं. सुरुवातीची पानं कोपऱ्यात जायची, आताची त्या पोटात साठत होती. धाकटीचा हात तिथवर पोचत नव्हता. तिने काठीनं ढकलून पाहिलं. एका बाजूचं हूक सोडलं तर सगळं ओझं दुसऱ्या बाजूला सरकायचं. दोन टोकं दोघांनी एकदम सोडायला हवी होती.

मग पाऊस झाला. थोडाच, अवेळीचा, पण पानं भिजायला पुरेसा. जाळी म्हशीच्या पोटासारखी खाली आली.

"अडकली," थोरली खिडकीतून म्हणाली.

"मग जा की," नवरा म्हणाला.

"बोलावलं तर जाईन."

"ती बोलावणार नाही."

"मग राहू दे तिची सोय तिच्यापाशी."

असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशीही खिडकी सोडली नाही. आणि मग तिला आणखी एक गोष्ट खटकली. धाकटी त्या शिडीवाल्याला बोलावत नव्हती. जाळीखाली येऊन उभी राहायची, वर बघायची, भिंतीकडे बघायची, आत जायची. मशीनही बंद होतं. अडकलेलं माणूस धडपड करतं, चिडतं, फोन करतं. ही शांतपणे वाट बघत होती. कशाची, ते थोरलीला कळेना, आणि कळत नाही म्हटल्यावर तिला चैन पडेना.

शेवटी फांदीनं निकाल लावला. दुपारी चहाच्या वेळेला वरून एक लांबलचक कर्र्र ऐकू आलं. थोरली बाहेर धावली. ज्या फांदीला दोर बांधला होता ती वाकली होती आणि बेचक्यापाशी साल फाटून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. फांदी थोरलीच्या झाडाची होती. जाळी धाकटीची होती. म्हणजे तक्रार करायची पाळी आता थोरलीची होती, आणि हे ध्यानात येताच तिच्या पायात बळ आलं.

ती मधल्या दाराशी गेली, आपली कडी काढायला हात घातला आणि थबकली. पलीकडूनही कडी असणार. आपण घातली तेव्हा तिनेही घातलीच असणार, तिच्या जागी कोणीही घातली असती. बंद दारावर थापा मारत उभं राहण्यापेक्षा ती वळली, फाटकातून बाहेर पडली, गल्लीतून चालत धाकटीच्या पुढच्या दाराशी गेली आणि बेल वाजवली. त्या बेलचा आवाज कसा आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. पायरीवर मोठ्या मापाच्या चपला होत्या. थोरलीनं नजर उचलून समोरच्या कोऱ्या भिंतीवर ठेवली आणि तिथेच धरून ठेवली.

धाकटीनं दार उघडलं. "तुम्ही? इकडून?"

"माझी फांदी मोडतेय तुझ्या जाळीनं."

"मधलं दार होतं की."

"म्हटलं तुझ्या बाजूने कडी घातली असशील."

"माझ्या बाजूला कडी आहेच कुठे?" धाकटी म्हणाली. "घर वाटलं तेव्हाच हे म्हणाले होते, वहिनींच्या वाटेत आपली कडी नको. बसवलीच नाही. एवढी वर्षं येताय जाताय, दिसलं नाही तुम्हाला?"

थोरलीला एवढं अंगण, एवढं घर, कचऱ्यातल्या पाकिटावरचा पत्ता, सगळं दिसलं होतं. दारावर नसलेली कडी दिसली नव्हती. "नाही दिसली," ती म्हणाली. आणि मग, आत पाऊल टाकायच्या आधी, कोऱ्या भिंतीकडेच बघत, "तो फोन मी करायला नको होता. तुलाच विचारायचं होतं सरळ."

धाकटीनं दार सताड उघडलं. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "या. फांदी मोडेल तुमची."

दोघी अंगणात गेल्या. थोरली एका बाजूला, धाकटी समोर. "मी म्हणाले की सोडा," धाकटी म्हणाली. हुकं निसटली, ओल्या पानांचा ढीग दणकन खाली बसला, आणि वर फांदीनं सुस्कारा टाकल्यासारखं अंग सरळ केलं. मग मधला दोर सोडवून, जाळीची टोकं धरून दोघींनी ते गाठोडं फरफटत मागच्या खड्ड्याकडे नेलं. धाकटी पुढून ओढत होती, थोरली मागून, आणि अर्ध्या वाटेत दोघींना धाप लागली म्हणून दोघी एकदमच थांबल्या.

"एवढी मोठी शिवलीस कशाला?" थोरलीनं विचारलं.

"सवयीनं. पडद्याला कापड दीडपट धरतात ना, चुण्या पडाव्यात म्हणून. हात तसाच चालला. चुकलं माप."

ऐकायला बरोबर होतं. पडदेवाली बाई जाळीतही चुण्यांचं कापड धरणार, हे कोणालाही पटलं असतं. थोरलीनं जाळी पालथी करून झटकली आणि झटकताना तिची कड हातात आली. कड दुहेरी शिवलेली, टाके एकसारखे, जिथे ताण पडेल तिथे उलटसुलट भक्कम शिलाई. हुकांसाठी लोखंडी कड्या वेगळ्या बसवल्या होत्या. आणि त्यांच्या शेजारी, प्रत्येक टोकाला, जाड कापडाची एकेक मूठ शिवली होती, आत कापूस भरलेली, धरणाऱ्याच्या तळहाताला काचू नये अशी. समोरच्या दोन टोकांना तशाच दोन.

थोरली त्या मुठीत हात घालून बघत राहिली. जिला मापात चूक झाली म्हणे, तिनं इथे सुतभरही चूक केली नव्हती. आणि एकट्या बाईनं ओढायच्या जाळीला चारी टोकांना मुठी कशासाठी शिवायच्या?

धाकटीनं दोन कप आणून पायरीवर ठेवले. थोरली तिच्या शेजारी बसली. अंगणात ओल्या पानांचा कडवट वास भरला होता.

"मग आता लहान करणार का ती जाळी?" थोरलीनं विचारलं. शब्द सहज पडतील असे बघून टाकले.

"करायची तर आहे," धाकटी कपात बघत म्हणाली. "पण सध्या पडद्यांची मोठी ऑर्डर हातात आहे. वेळच नाही."

आठवडाभर मशीन एकदाही वाजलं नव्हतं. थोरलीनं धाकटीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो चेहरा शांत होता आणि किंचित हसरा. थोरलीनं चहाचा एक मोठा घोट घेतला.

"उद्या कधी येऊ?"

"पानं पडली की या," धाकटी म्हणाली. "पण हाक मारून."